मारुतीचं वजन

देवासला मोरोपंतांना पाठीमागे लोक 'तोलपंत' म्हणत. घरामागच्या शेडमध्ये विमान बांधणारे हे रिटायर्ड टर्नर प्रत्येक नट काट्यावर ठेवत, बोल्ट सूतभर लांब असला तरी कापत. रंगाचा दुसरा हात सुचवणाऱ्याच्या तर अंगावरच धावून जात. "रंगालाबी वजन असतं, भिया!"

लोकांना हसायला काय जातं? त्यांचं पहिलं विमान नऊ वर्षांपूर्वी धारजवळच्या एका माळावरून उठलं, नाक वर वर करत गेलं आणि कोसळलं. आत त्यांचा मुलगा धीरज होता; तो वाचला नाही. इंजिन बंद पडलं, असं सगळे म्हणाले. मोरोपंतांनी ते म्हणू दिलं.

त्या सकाळी बायकोने, इंदूने, नेमावरहून आणलेला पितळी मारुती राखणीसाठी हाती दिला होता. मोरोपंतांनी तो शेपटीत बांधला. तोलला नाही, देव का कुणी तोलतं? विमान आधीच मागे जड होतं. पडल्यावर पोराकडे धावायच्या आधी त्यांनी मारुती काढून पिशवीत लपवला. तेव्हापासून कुठेही पितळ खणकलं की त्यांच्या अंगावर काटा येई.

उद्या नवं विमान उडणार होतं, धाकटी मुलगी ऋजुता उडवणार होती. तिन्ही चाकांखाली काटे लावले. पुढचे दोन बरोबर. शेपटीचा काटा दीड किलोने जास्त. मोरोपंतांनी शेपटीची झडप उघडली. आत लाल दोऱ्याने बांधलेला तोच मारुती, गदा वाकलेली.

"काय शोधून राहिले? मीच ठेवला," इंदू दारातून म्हणाली. "तुमच्या पेटीत चिंध्यांखाली मिळाला. धीरजच्या वेळी ठेवायचा विसरलात ना? अन् मी नऊ वर्षं त्या देवाशी रुसून बसले! त्याची काय गलती?"

तिचा चेहरा इतका मोकळा त्यांनी नऊ वर्षांत पाहिला नव्हता. 'हो' म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण मग उद्या ती मारुती पुन्हा कुठेतरी बांधणार, कुणाला न सांगता. त्यांनी बांधला होता तसाच.

त्यांनी दोरा सोडला आणि मारुती काट्यावर ठेवला.

"अहो, देवाला काट्यावर?"

"तेव्हाही तो आतच होता, इंदू. मीच बांधला होता, न तोलता."

इंदूने वाकलेल्या गदेकडे पाहिलं. मग मारुती उचलला आणि कितीतरी वेळ हातावर तोलत उभी राहिली.