इंजिन मागं असते

"वयनी, गाडी तं द्याच. पण तुमी जराशा मागं राहा," असं माझा दीर म्हणाला. अमरावतीतल्या माझ्याच गॅरेजात, माझ्याच खुर्चीत बसून, माझाच चहा पीत म्हणाला. अकोल्याला त्याच्या मुलाचं लग्न होतं. नवरदेव माझ्या स्पोर्ट्‌स कारमधून मिरवणार, पण ती गाडी दुरुस्त करून उभी करणारी बाई वरातीत पुढं दिसायला नको. का, तर मी विधवा. "आमच्या मनात तसं काई नाई, पण लोक नावं ठेवतात नं!" हे लोक कोण, ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

म्हणजे गाडी शुभ आणि मी अशुभ! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

ती गाडी माझ्या नवऱ्यानं पुरात बुडालेली विकत घेतली होती. इंजिन उतरवलं, खोललं, सगळं टेबलावर मांडलं, आणि महिन्याभरात हा माणूस हार्ट अटॅकनं गेला. भंगारात देऊन टाका, असं याच दिरानं तेव्हा सांगितलं होतं. मी दिली नाही. लग्न झाल्यापासून गॅरेजात माझेही हात काळे होत होतेच. त्यानं खोललेलं इंजिन मी जोडलं. या गाडीला सीट दोनच, आणि इंजिन सीटच्या पाठीमागं. पुढच्या बोनेटखाली फक्त एक बॅग मावते. दारांमागच्या खाचांतून हवा आत जाते आणि मागच्या झाकणाच्या जाळीतून गरम होऊन बाहेर पडते. पाण्याच्या पाइपात हवेचा बुडबुडा राहिला, तरी इंजिन तापतं. तो बुडबुडा काढता काढता माझ्या कितीतरी दुपारी गेल्या. या इंजिनाचे पार्ट आता कुठंच मिळत नाहीत. ते जाम झालं असतं, तर नवऱ्याच्या हातचं माझ्याजवळ काहीच उरलं नसतं.

तरी गाडी दिली. पुतण्यासाठी दिली, तो मला मोठी आई म्हणतो म्हणून. चालवायला दिराचा दोस्त होता. त्याला म्हटलं, "माणसाच्या चालीनं ओढत नेऊ नका, क्लच जळते. थांबले का न्यूट्रल करा. आन इंजिनावर हार-बिर काई टाकू नका."

"टेन्शन नका घेऊ वयनी, म्या ट्रॅक्टर चालवला हाय!"

घ्या! याच्यावर काय बोलायचं?

वरात निघाली, आणि मला सगळ्यात शेवटच्या ऑटोत बसवलं. अकोल्याचं ऊन, पुढं डीजे, नाचणारी पोरं. गाडी मुंगीच्या पावलानं सरकत होती. एका वळणावर ती आडवी झाली, तेव्हा पुढूनमागून नीट दिसली. माझं सांगणं त्यांनी अगदी मनावर घेतलं होतं हो! पुढचं बोनेट लख्ख मोकळं, एक पाकळी नाही. इंजिनाला हवा लागावी म्हणून! आणि मागच्या जाळीवर झेंडूची ही जाड गादी, वरून टेप मारलेली. इंजिन कुठं आहे, हे विचारायची एकालाही गरज वाटली नव्हती.

तेवढ्यात कूलंटचा, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, गोडसर वास आला. झेंडूतून वाफ निघू लागली. मी ऑटोतून उडी मारली आणि पळाले.

गाडी बंद पडली होती. दीर ओरडत होता, "बोनट खोला! पानी आना!" बोनेट उघडलं, तर आत मिठाईचे डबे. सगळे डब्यांकडे बघत उभे. एकजण बादली घेऊन मागं धावला.

"खबरदार!" मी ओरडले. "तापल्या इंजिनावर थंड पानी टाकलं तं हेड तडकते! सरका तिकडं!"

दोन्ही हातांनी फुलं ओरबाडली. बोटं भाजली. झाकण उघडलं, आणि डीजे बंद करायला लावून नुसती वाट पाहिली. मुहूर्त टळतो म्हणून दीर घिरट्या घालत होता. घाल म्हटलं. निवल्यावर पाणी भरलं, हवा काढली आणि चावी फिरवली. आवाज स्वच्छ आला. मला रडूच फुटलं, तिथंच, सगळ्यांसमोर.

"मोठी आई, आता तुमीच चालवा," पुतण्या म्हणाला. दिरानंच माझ्यासाठी दार उघडून धरलं. मुहूर्त तोंडावर होता ना!

कार्यालयाच्या दारात विहीणबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. गाडी थांबली न थांबली, तोच दीर खिडकीशी वाकला. "वयनी, आता उतरा बरं पटकन. ओवाळाले येऊन राहिल्या. तुमी मागं व्हा."

गरज सरो, वैद्य मरो!

"तापलेली गाडी अशी झटक्यात बंद करत नसतात, भाऊ," मी म्हटलं. "टेम्परेचरचा काटा खाली येऊ द्या. तवरोक मी इथून हालत नाई. आन मागं मागं काय करता? या गाडीचं इंजिन मागंच असते. मी मागं होती म्हणून पोरगं मांडवात पोचलं."

पुतण्या हसला. विहीणबाई ताट घेऊन पुढं आल्या. इंजिन चालू होतं, स्टिअरिंगवर माझे भाजलेले हात होते, आणि नवरदेवाला ओवाळलं तेव्हा मी त्याच्या शेजारी बसलेली होते.