कारंजं की संडास

छबूबाईंशी माझी ओळख भांडणातून झाली. मी ढिगातलं मधलं वांगं उचललं आणि त्यांनी माझ्या हातावर हलकीच चापट मारली.

"त्ये न्हाई, बाई. कडंचं घ्या. मधलं काढलं की सगळं इस्कटतं."

चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली मी. चापट मारायची सवय, खायची नाही. चांगलीच सुनावणार होते, तेवढ्यात खाली नजर गेली. पोत्यावर मेथीच्या जुड्या अर्धगोल लावलेल्या, मुळं सगळी आतल्या बाजूला. त्यांच्यापुढे पांढरे मुळे पंख्यासारखे पसरलेले आणि मध्यभागी वांगी, सगळ्यांचे देठ गिऱ्हाइकाकडे. मी रागवायचंच विसरले.

"असं मांडल्यानं जास्त खपतं का हो?"

"कशाचं खपतंय. उलट अर्धा तास जातो."

"मग कशाला एवढा खटाटोप?"

"दिवसभर बघायचं मलाच हाय ना?"

माझा स्वभाव भोचक आहे, हे आधीच सांगून टाकते. सावेडीत आमच्या सोसायटीसमोरच्या चौकात ही बाई अकरा वर्षं बसतेय आणि मला तिच्याबद्दल काही म्हणजे काही माहीत नाही, हे मला सहन होईना. मग रोज पावशेर काहीतरी घ्यायचं आणि दोन प्रश्न विचारायचे, असा माझा क्रम सुरू झाला. आमचे हे, शरच्चंद्र, म्हणायचे, "फ्रीजमध्ये गवार चार दिवसांची साठलीय. तुझी चौकशी संपली असेल तर खाऊन टाकू."

छबूबाई राळेगणसिद्धीच्या अलीकडच्या एका वस्तीवरच्या. घरची दोन एकर बागायत. मुलगा करण सुप्याला कंपनीत कामाला. पहाटे चारला उठायचं, भाजी काढून टेम्पोत टाकायची आणि सातला इथं येऊन बसायचं, ते थेट तीनपर्यंत. घरात बसून करमत नाही म्हणाल्या. कांद्याच्या वाफ्याच्या कडेनं त्यांनी झेंडू आणि झिनिया लावले, तेव्हा त्यांचे मालक गोरक्ष आठ दिवस धुसफुसत होते. चार सरींतला कांदा गेला म्हणे. "आन् आता पावनं आलं की समद्यात आधी तिकडंच नेत्यात दाखवायला," असं सांगून छबूबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

ही बाई आपल्या पक्षातली आहे, अशी माझी खात्री पटली. पक्ष म्हणजे काय, तर त्याच सुमारास वॉर्डात वाद पेटला होता. आमचे नगरसेवक वाल्मिकराव यांनी सांगितलं होतं की चौकासाठी निधी आलाय, पण काम एकच होईल. कारंजं, नाहीतर बायकांसाठी स्वच्छतागृह. रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक, तिथं लोकांनी ठरवायचं. मी अर्थातच कारंज्याची. शहराकडे बघवत नाही हो. जिथं नजर टाकावी तिथं धूळ आणि वाढदिवसांचे फ्लेक्स. माणसानं घराबाहेर पडून बघायचं तरी काय? शरच्चंद्र मात्र संडासाच्या बाजूचे. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. त्यांना पाणी पाटातून वाहताना आवडतं, हवेत उडालेलं नाही.

मी छबूबाईंना गाठलं. म्हटलं, "रविवारी या बैठकीला. कारंज्यासाठी हात वर करा."

त्यांनी जुडीचा बंद आवळला. "कारंजं लई झ्याक दिसंल, बाई. पन मला जायाला जागा पायजे."

"कुठं जायला?"

त्यांनी पदराआडून करंगळी दाखवली. मग माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि पुढचं त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं. पहाटे चारनंतर त्या पाण्याचा घोट घेत नाहीत, तो थेट तीन वाजता टेम्पोत बसल्यावर. एप्रिल असो नाहीतर मे. वर्षात तीनदा लघवीला जळजळ होऊन ताप आला होता. पारनेरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की असंच चाललं तर मूत्रपिंडावर जाईल.

मला लाज वाटली. अगदी स्वच्छ लाज. अकरा वर्षं ही बाई माझ्या खिडकीखाली तहानेली बसलीय, माझ्या घरात दोन संडास आहेत, आणि एकदाही माझ्या तोंडून 'वर या' निघालं नव्हतं. देठांची दिशा तेवढी मला दिसली होती. मी लगेच म्हटलं, उद्यापासून आमच्याकडे या. त्या एकदा आल्या. तिसरा मजला, लिफ्ट बंद. दम खात हॉलमध्ये क्षणभर थांबल्या, भिंतींवरची माझी चित्रं एकेक करून बघितली. खाली परत जाईपर्यंत मोकाट गाईनं अख्खी मेथी फस्त केली होती. पुन्हा त्या वर आल्या नाहीत, आणि मला आग्रह करायला तोंड नव्हतं.

रविवारी मी उभी राहिले आणि संडासासाठी बोलले. शरच्चंद्रांनी चष्मा काढून पुसला आणि परत घालून माझ्याकडे बघितलं. वाल्मिकरावांनी हात वर करायला सांगितले. छबूबाई आणि शेजारी पेरू विकणाऱ्या लंकाबाई दारातच उभ्या होत्या, त्यांचे हात मोजायचे की नाही यावरून जरा बाचाबाची झाली. मी आवाज चढवल्यावर मोजले. पाच हातांच्या फरकानं संडास जिंकला. वाल्मिकरावांचं तोंड उतरलं. कारंज्याचं उद्घाटन त्यांच्या मनात केव्हाच होऊन गेलं असावं. मग मला म्हणाले, "मॅडम, निदान तुमच्या हातानं जरा सुंदर तरी करा."

मला तेवढंच पाहिजे होतं. चार महिन्यांत बांधकाम उभं राहिलं आणि मी शिडी लावली. दाराशेजारच्या भिंतीवर तीन आठवडे खपून चित्र काढलं. पहाटेचं अंगण, तुळशीवृंदावन आणि दिवा लावणारी बाई. पदराच्या घड्या तर अशा उतरल्या होत्या की इतकं चांगलं चित्र मी आयुष्यात काढलं नसेल. छबूबाई गिऱ्हाइकाशी बोलता बोलता तिकडेच बघायच्या. एकदा सुटे पैसे मोजायचेसुद्धा विसरल्या.

संडास सुरू झाला आणि गंमत अशी, की कोणी जाईना. दार चांगलं, कडी चांगली, पाणी चोवीस तास. बायका यायच्या, चित्रासमोर चपला काढायच्या, कपाळाला हात लावायच्या आणि चपला घालून निघून जायच्या. आठवड्याभरात वृंदावनाच्या पायथ्याशी कोणीतरी हळदीकुंकू वाहिलं. मी वरून बघत होते आणि खरं सांगते, मी फुशारले होते.

मग एक दिवस छबूबाईंची जागा रिकामी दिसली. दुसऱ्या दिवशीही. सहाव्या दिवशी आल्या त्या पार उतरून गेल्या होत्या. लंकाबाईंनीच सांगितलं, परत तोच ताप. दोन दिवस दवाखान्यात सलाईन लावून पडून होत्या.

मला रागच आला. "अहो छबूबाई, चार पावलांवर बांधून दिलंय ना! मग जात का नाही?"

त्यांनी हातातली गवार बाजूला ठेवली.

"कसं जायाचं, बाई? तिथं तुळस हाय. दिवा लावतीया ती. तिच्या शेजारून आत जाऊन आमी काय करायचं?"

मी घरी येऊन हे शरच्चंद्रांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "अगं, लोकांनी भिंतीला उभं राहू नये म्हणून गावभर देवांच्या फरश्या बसवतात. तू नेमकी संडासालाच तुळस काढलीस." म्हणजे बघा. आयुष्यभर त्या फरश्या बघत आले आणि चौतीस वर्षांच्या मास्तरकीला एवढं सुचलं नाही. सुचलं नाही कारण मी चित्र बघत होते, दार बघतच नव्हते.

"आधी का नाही बोललात?" मी त्यांनाच झापलं.

"मलाही आत्ताच सुचलं. चित्र छान होतं ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन मी भिंतीपाशी उभी राहिले. छबूबाई पोतं सोडून धावत आल्या. "पुसू नका, बाई."

"मग आत जाल?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"मग दुसरं काय करू?"

त्या काहीतरी बोलणार होत्या, पण मी ऐकायला थांबले नाही. माझा स्वभावच तसा, एकदा ठरलं की ठरलं. शिवाय जास्त वेळ बघितलं असतं तर माझा हात चालला नसता. आधी दिवा गेला, मग बाईचा हात, मग पदराच्या त्या घड्या. डोळे भरून आले, पण ब्रश थांबवला नाही. छबूबाई तिकडे पाठ करून बसल्या होत्या. अकराच्या सुमारास भिंत पांढरीफटक झाली. वर रंगाचा वास.

बारा वाजता लंकाबाई आत जाऊन आल्या. मग शाळा सुटल्यावर मुलींना न्यायला आलेल्या दोघीतिघी गेल्या. चपला घालूनच. एकच्या सुमारास छबूबाई उठल्या, लंकाबाईंना भाजीकडे बघायला सांगितलं आणि गेल्या. आतून कडी लागल्याचा आवाज मी ऐकला. बाहेर येऊन त्यांनी नळाखाली हात धुतले आणि ओंजळीनं पाणी प्यायल्या, भरपूर.

मला बरं वाटलं. चित्र गेलं, पण काम झालं. मी ब्रश धूत शहाणपणानं म्हटलं, "झालं बघा. माझंच चुकलं होतं. कामाची जागा कामापुरतीच असावी. यापुढं इथं चित्रबित्र काही नाही."

"का? देवाचं तेवढं नगं म्हनलं आमी. झेंडू काढायचा हुता. येलबुट्टी काढायची हुती. त्येच सांगत हुते सकाळी."

"अहो, पण तुमचं अडलं होतं ते संडासावाचून ना? तो मिळाला."

त्या कोऱ्या भिंतीकडे बघत होत्या. आवाज चढला नव्हता, पण मला त्यांचा राग समजला.

"तुमच्या घरात संडास हाय, बाई, आन् भिताडाला चित्रं बी हायेत. म्या बघितली. तुमाला कवा कुनी हात वर करायला लावला का, ह्यातलं एकच मिळंल, कोनतं पायजे म्हनून?"