दात येताना टोचलेली लस

आमची मुलगी नऊ महिन्यांची झाली तेव्हा तिची आई झाशीत नव्हती. बी.एड.च्या परीक्षेसाठी ती पंधरा दिवस ग्वाल्हेरला आत्याकडे राहिली होती. मी रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर, मूळचा भुसावळचा. जवळचं असं कोणी गावात नव्हतं. मी कामावर गेलो की मुलीला शेजारच्या क्वार्टरमधल्या काकू सांभाळत. काकू झाशीच्याच, लक्ष्मी गेट भागातल्या जुन्या मराठी घरातल्या. मुलगा रेल्वेत लागला म्हणून कॉलनीत आलेल्या. त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी असायची, आणि मला त्या 'भैया' म्हणत.

जाताना बायकोने बजावलं होतं, "अहो, नऊ महिने भरले की गोवरची लस टोचून आणा. विसरू नका."

विसरलो नव्हतो. पण नेमके तेव्हाच मुलीचे वरचे दात यायला लागले. हिरड्या सुजलेल्या, लाळेने झबलं सतत ओलं. दुधाची बाटली तोंडाला लागली की रडून ढकलायची. अंगाला हात लावला की कोमट वाटे. पुन्हा लावून बघितलं की वाटे, छे, उन्हाचंच असेल.

दवाखान्यात लस बुधवारी द्यायचे. मंगळवारी मी लसीचं कार्ड शोधत होतो, तेव्हा काकू म्हणाल्या, "भैया, दात निघतायत तोवर बिटियाला सुई नको."

"पण नऊ महिने झाले, काकू."

"होऊ दे." त्या मुलीच्या दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. "माझी पहिली मुलगी एवढीच होती. दात निघत होते, त्यातच देवीची लस टोचली. चौथ्या दिवशी तापात आकडी आली, आणि गेली."

त्यांच्या मोठ्या मुलाच्या आधी कोणी होतं, हे मला तेव्हा कळलं. बुधवारी मी कामावर गेलो, दवाखान्यात गेलो नाही. पुढच्या आठवड्यात दात बाहेर येतील, मग बघू, अशी मनाची समजूत घातली.

शुक्रवारी कारखान्यात कळलं की आमच्या क्वार्टरच्या मागच्या ओळीतल्या एकाच्या मुलाला गोवर निघालाय. छातीत कफ भरला म्हणून त्याला भरती केलं होतं. माझ्या हातातला पाना तसाच राहिला. त्या मुलाची बहीण रोज काकूंच्या अंगणात येऊन आमच्या मुलीला कडेवर घेऊन फिरायची.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. घरी आलो की मुलीला उजेडात नेऊन कानांच्या मागे, गळ्यावर, पोटावर पुरळ शोधायचो. डास चावला तरी तो ठिपका पुन्हा पुन्हा बघायचो. दात येण्याच्या भीतीने मी तिला गोवराच्या तोंडी दिलं का? आणि काकूंचं खरं असेल तर? दोन्हीकडून मीच दोषी ठरत होतो.

पुढच्या बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. काकूंना सांगितलं. त्या चपला घालून बरोबर आल्या.

दवाखान्यातली नर्स केरळची होती, वयस्क, हिंदी सावकाश बोलणारी. मी दातांचं सांगितलं. तिने मुलीच्या काखेत थर्मामीटर लावला आणि म्हणाली, "दाँत तो दो-ढाई साल तक निकलते रहेंगे. तब तक बैठे रहोगे? तेज़ बुखार होता तो मैं खुद लौटा देती. इतने में टीका नहीं रुकता."

मग काकूंनी स्वतःच आपल्या मुलीचं सांगितलं. नर्सने सुई खाली ठेवली आणि सगळं ऐकून घेतलं. "उसे क्या हुआ था, आज कोई नहीं बता सकता, अम्मा. पर वो टीका अलग था. इसमें आठ-दस दिन बाद थोड़ा बुखार आ सकता है. डरना मत, दवा देना. ज़्यादा लगे तो सीधे यहाँ लाना."

काकूंनी मुलीचा हात धरला. सुई टोचताना तोंड फिरवलं मी, त्यांनी नाही.

रविवारी बायको परतली. सगळं ऐकून म्हणाली, "आठवडाभर थांबलात?" एवढंच. पण दिवसभर मुलीला खाली ठेवलं नाही.

लस टोचल्यावर आठव्या दिवशी, गुरुवारी दुपारी ताप चढला. नर्सने सांगून ठेवलं होतं, तरी मी पुन्हा पुन्हा तिच्या कपाळाला हात लावून बघत होतो. बायकोने चमच्याने औषध पाजलं. काकू दारातच उभ्या राहिल्या, आत येईनात. "आकडी?" एवढंच विचारलं.

"नाही हो काकू, या ना आत," म्हणत बायकोने त्यांना हाताला धरून आणलं आणि मुलगी त्यांच्या मांडीवर दिली. काकू दोन्ही तळपाय मुठीत धरून बसून राहिल्या. चहा दिला तो तसाच निवला.

शनिवारी सकाळी ताप उतरला. गळ्यावर थोडे लाल ठिपके आले, तेही दोन दिवसांत गेले. मागच्या ओळीतला मुलगाही वाळून, पण बरा होऊन घरी आला.

दोन महिन्यांनी काकूंची लग्न झालेली नात जवळच्या बबीना गावाहून आली. तिचा मुलगा लाळ गाळत, रडत होता; दात येत होते म्हणून तिने लस लांबवली होती. काकू तिला म्हणाल्या, "दात निघत असले तरी चालतं. आधी ताप बघतात." त्या स्वतः दोघांबरोबर दवाखान्यात गेल्या. पुढचे पंधरा दिवस मात्र मुलाचा ताप बघत त्या बबीन्यालाच राहिल्या.