भावाच्या दुकानाची तपासणी

मी कृषी खात्यात होते. दुकानांतलं बियाणं तपासायचं काम माझ्याकडे होतं. कापसाची ती वाईट वर्षं. पेरलेलं उगवेल याची कोणी खात्री देत नसे. त्यातच धाकट्या भावानं कृषी केंद्र टाकलं, आणि ते नेमकं माझ्याच तालुक्यात.

नियम साधा होता. जवळच्या नातेवाइकाचं दुकान असेल तर साहेबांना लेखी कळवायचं, मग तपासणी दुसऱ्याकडे जाते. मी अर्ज लिहिलाही होता, पण दिला नाही. आईचं म्हणणं, परका माणूस गेला तर पोराला उगाच छळेल. मलाही वाटलं, मी कोणाची भीड धरणारी नाही, मग मी गेले तर बिघडलं कुठे?

मृगाच्या तोंडावर मी दुकानात गेले. भावानं खुर्ची पुसून दिली. समोरच्या खोक्यांतली पाकिटं मी नमुन्याला घेतली, पावत्या पाहिल्या. मागच्या भिंतीला ताडपत्रीखाली आणखी खोकी होती.

"ते परत पाठवायचं हाय, ताई," तो म्हणाला.

ताडपत्री मी उचलली नाही. दुसऱ्या कोणाच्याही दुकानात उचलली असती. शेरा लिहिला, सही केली, चहा घेऊन निघाले.

महिनाभरात एका तांड्यावरून तक्रार आली: भावाच्या दुकानातून नेलेलं बियाणं उगवलंच नाही. पाहणीला समिती निघाली, तिच्यातही माझं नाव होतं. तेव्हाही मी नातं कळवलं नाही.

शेत एका विधवा बाईचं होतं. पेरणीची लांबच लांब तासं, आणि हिरवं काही नाही. ती खाली बसली, बोटानं माती उकरून तीन-चार सरक्या काढल्या आणि माझ्या तळहातावर ठेवल्या. दाबल्या तर पिठासारख्या फुटल्या. तिचा आवाज अगदी साधा होता.

"बाई, दुकान तुमच्या भावाचं हाय ना? मंग पाहाले बी तुमीच काहून आल्या?"

सोबतचे दोघे अधिकारी माझ्याकडे बघायला लागले. मी होय म्हटलं. तिथंच बांधावर बसून सगळं लिहून दिलं आणि समितीतून बाजूला झाले.

पुढची चौकशी दुसऱ्यांनी केली. भावाचा परवाना काही काळ बंद झाला, माझी बदली उमरखेडला झाली. भाऊ दोन वर्षं बोलला नाही. आई बोलायची, पण नजर चुकवून. अहवालात शेवटी आलं ते एवढंच, की बियाणं जुनं होतं की पावसानं ओढ दिली, हे निश्चित सांगता येत नाही. भाऊ शपथेवर सांगे, त्या खोक्यांतलं एकही पाकीट विकलं नाही. खरंही असेल. मी पाहिलं असतं तर मला माहीत असतं. आजही भाजी निवडताना, पोळ्या लाटताना मधेच तळहाताला ती माती लागल्यासारखी वाटते आणि मी हात धुऊन येते.

काही वर्षांनी यवतमाळच्या स्टँडवर ती बाई दिसली. ओळखेल या भीतीनं मी खांबाआड थांबले. तिनं मला पाहिलं होतं. बाकावरचं गाठोडं उचलून तिनं मांडीवर घेतलं, मला जागा केली. मी जाऊन बसले. तिची बस येईपर्यंत आम्ही दोघी तिथंच बसून होतो.