टेस्ट युनिट सेव्हन, मुक्काम कळंबा

पाच माणसं रोज सकाळी एकाच तळ्याच्या काठानं चालायला लागली की पोटं काही कमी होत नाहीत, किस्से मात्र वाढत जातात. आमचं तसंच झालंय. कळंबा तलावाच्या बांधावर आम्ही वर्षानुवर्षं चालतोय. वजनं तिथंच आहेत, पण किश्श्यांचं पोतं आता एकट्यानं उचलवत नाही. म्हणून त्यातले फक्त यंदाच्या उन्हाळ्यातले, एका प्लेअरचे, तेवढे सांगतो.

आधी माणसं. बापू जाधव, शिरोलीला त्यांची फौंड्री आहे. मल्लाप्पा, गुळाचे व्यापारी. मूळचे निपाणीकडचे, घरात कानडी आणि बाजारात मराठी. शोभाताई, तलावाच्या मागंच त्यांचा सहा म्हशींचा गोठा. मोरे हवालदार, कळंब्याच्या जेलमधनं रिटायर झालेले. आणि मी, हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. त्यामुळं ज्या वस्तूला बटण असतं ती आपोआप माझ्याकडं येते.

पाचही जणांना वेड एकच. कानात काहीतरी घालून गाणी ऐकत चालायचं, आणि कुणाच्या मशीनचा आवाज भारी यावर भांडायचं.

*

एका सकाळी बापूंनी मोबाईल पुढं केला. बाजारात यायचा असलेल्या एका म्युझिक प्लेअरचा फोटो इंटरनेटवर लीक झाला होता. तळहातात मावेल असा, काळा, चौकोनी, बाजूला एक चाक. त्याच्यावर फोन नाही, मेसेज नाही, नुसती गाणी!

मल्लाप्पांनी फोटो लांब धरून बघितला. "काळपट दिसतोय. पाक जास्त झाला."

"मल्लाप्पा, प्लेअर हाय तो, गुळाची ढेप न्हवं!"

"असू दे की. रंगावरनं कळतंय मला."

हवालदारांनी फोटो मोठा केला आणि प्लेअर सोडून कोपराच बघत बसले. "हितं अंगठा आलाय बघा. फोटो फोडणारा आतलाच माणूस हाय."

मी आपलं बॅटरी, चिप असं काहीबाही बोललो. बापू म्हणाले, बॉडी हलकी वाटते. मल्लाप्पा म्हणाले, बास कमी असणार. आवाज चढले. शेवटी शोभाताई वैतागल्या.

"आवो, पण ह्यो वाजतोय कसा ते कुणी ऐकलंय का?"

कुणीच ऐकलं नव्हतं. अर्धा तास आम्ही फोटोच्या आवाजावर भांडत होतो!

*

दोन दिवसांनी बापू आले ते भाकरीच्या फडक्यात काहीतरी गुंडाळून. फडकं उलगडलं, तर आत तोच प्लेअर!

झालं होतं असं. बापूंची मुलगी स्नेहल पुण्यात एका कंपनीत आहे. बाजारात यायच्या आधी अशा वस्तू वापरून बघायच्या आणि दोष काढायचे, हे तिचं काम. ऊन, धूळ, घाम यांत चाचणी घ्यायला म्हणून कंपनीनंच तिला तो घरी न्यायला दिला होता. अट एकच. तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. लीक झालेल्या फोटोमुळं तर वरची मंडळी जास्तच बिथरली होती. आणि स्नेहल मैत्रिणीच्या लग्नाला तीन दिवस इचलकरंजीला गेली होती.

"बापू, पोरीच्या नोकरीचा प्रश्न हाय," हवालदार म्हणाले.

"म्हणून तर गुपचूप आणलंय!" बापू म्हणाले. बापूंचा आवाज फौंड्रीत घडलेला. भट्टीच्या पलीकडच्या माणसाला ऐकू जावं असा. "कुणाला कळता कामा नये! हळू बोला सगळ्यांनी!"

पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या दोन बायका हातातलं थांबवून आमच्याकडं बघायला लागल्या.

*

आवाजाचं मात्र खरं सांगतो. इयरफोन लावला आणि मी बांधावर उभाच राहिलो. तबलजीचं बोट शाईवर पडतं ते दिसल्यासारखं झालं. गाणारीनं मध्येच श्वास घेतला, तो माझ्या कानाशी घेतला. शेवटी शोभाताईंनी हलवलं. "सर, बरं हाय न्हवं?"

मग मल्लाप्पांनी लावला. त्यांच्याकडं कानडी वचनांचं एक जुनं रेकॉर्डिंग आहे, देवपूजेला रोज लागतं. ते त्यात घातलं. मल्लाप्पांनी डोळे मिटले, मान डोलवली आणि एकदम डोळे उघडले.

"यप्पा! कोण खोकतंय?"

आम्ही सगळ्यांनी पाळीपाळीनं ऐकलं. खरंच, तिसऱ्या वचनात मागं कुणीतरी दोनदा खोकत होतं.

"तीस वर्षं ऐकालोय, कधी खोकला न्हवता!" मल्लाप्पांचा चेहरा पडला. "आता रोज पूजेला त्यो माणूस खोकणार की वो. लई वाईट मशीन हाय हे. सगळं ऐकू येतंय!"

*

हवालदार एकाच कानाला इयरफोन लावतात. म्हटलं, हवालदार, दोन्ही लावा, मग मजा कळेल.

"न्हाय सर. दुसरा कान ड्युटीवर असतोय."

रिटायर होऊन सहा वर्षं झाली त्यांना.

*

शोभाताई धार काढताना गाणी लावतात, म्हशी निवांत राहतात म्हणून. त्यांनी हट्टच धरला, की गोठ्यात वाजवून बघूया. गेलो. त्या धारेला बसल्या, प्लेअर शेजारच्या कठड्यावर. एक गाणं झालं, पुढचं लावायचं म्हणून त्यांनी ओल्या बोटानं स्क्रीनला हात लावला. काही होईना. परत लावला. पदराला बोट पुसून लावला. तरी ढिम्म.

"म्हशीला हात लावला तर ती शेपूट तरी हलवती," शोभाताई म्हणाल्या. "ह्याला धा येळा लावला! कुणासाठी केलंय वो हे? कोरड्या हाताच्या माणसांसाठी?"

मी माझे हात खिशात घातले. आमच्यात कोरड्या हाताचा मी एकटाच होतो.

*

परत येताना मल्लाप्पांनी नको ते बटण दाबलं. बांधाच्या खाली एक तालीम आहे. तिथल्या पोरांनी नुकताच भलामोठा स्पीकर आणलाय, ब्लूटूथवाला. प्लेअरनं तो परस्पर शोधला आणि जोडूनही घेतला. तालमीतनं एका बाईचा आवाज अख्ख्या कळंब्याला ऐकू गेला.

"टेस्ट युनिट सेव्हन, कनेक्टेड!"

बापूंच्या तोंडचं पाणी पळालं. पुढं स्नेहलनं चाचणीसाठी भरलेला आवाज सुरू झाला. पार खालच्या घरघरीपासून चढत चढत शिट्टीपर्यंत जाणारा, आणि मग टूं, टूं, टूं. जोर मारणारी पोरं होती तशी थांबली. मी प्लेअरवर बटण शोधतोय, ते सापडेना.

एवढ्यात वस्ताद दारात आले आणि रस्त्याकडं बघून ओरडले, "कुणाचा टेम्पो रिव्हर्स येतोय बघा रं! तालमीत घुसवतोय काय!"

*

आता जरा वाईट सांगतो.

बापूंचा हात गेली चाळीस वर्षं लोखंडावर फिरलाय. प्लेअर हातात आल्यापासून त्यांचा अंगठा एका कोपऱ्यावर अडत होता. "हितं धार ऱ्हायलीया. खिसा फाटंल कुणाचातरी." पहिल्या दिवशी म्हणाले, दुसऱ्या दिवशी म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही. कानासाठी केलेल्या वस्तूवर बापूंनी सरळ कानस चालवली!

कोपरा मऊ झाला, पण काळा रंग उडाला आणि खालचा पांढरा धातू चमकायला लागला. स्नेहल संध्याकाळी यायची होती. बापूंनी मला घरी बोलावून घेतलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला नीट ऐकू येत नव्हता.

"सर, होता तसा करता येतोय का?"

"बापू, घासून गेलेलं विज्ञानानं परत येत नाही."

स्नेहल आली. तिनं प्लेअर हातात घेतला, कोपरा बघितला. मग म्हणाली, "पप्पा, ही माझी वस्तू नव्हती हो." आणि रडायला लागली. बापू खाली मान घालून उभे. वहिनी आतून पाणी घेऊन आल्या, ते कुणी घेतलं नाही. मी चप्पल घालायची का नाही या विचारात तसाच दाराशी.

मी म्हटलं, स्नेहल, पडला म्हणून सांगता येईल. तिनं डोळे पुसले. "नको सर. दोष शोधायचे पैसे घेते मी. खोटं सांगितलं तर मग माझ्या रिपोर्टवर विश्वास कुणी ठेवायचा?" आणि आमच्यासमोरच तिनं साहेबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. बांध, गोठा, तालीम, कानस. काही म्हणजे काही लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी बापू चालायला आले, पण कानात काही नव्हतं. आम्हीही आमचे इयरफोन खिशातच ठेवले.

*

स्नेहलची नोकरी राहिली, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत ऐकाल. एक कडक पत्र मात्र मिळालं.

तिसऱ्या दिवशी तिचे साहेब पुण्याहून गाडी-ड्रायव्हर घेऊन बापूंच्या दारात. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. आम्हा पाचही जणांना बोलावून घेतलेलं. चहाला नको म्हणाले. प्लेअर हातात घेऊन त्यांनी घासलेल्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला. मग दुसऱ्या कोपऱ्यावर. परत पहिल्या.

"हे कुणी केलं?"

"मी," बापू म्हणाले. "पोरीचा काय दोष न्हाय साहेब."

साहेबांनी आणखी एकदा अंगठा फिरवला. "बाकीचे तीन करून द्याल? फॅक्टरीला नमुना म्हणून पाठवतो."

बापूंनी कानस आणली आणि पुढच्या पायरीवर बसून तीनही कोपरे घासले. तेवढ्यात साहेबांनी शोभाताईंना ओल्या बोटाचं विचारलं. ताईंनी गोठ्यातलं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. साहेबांनी ते लिहून घेतलं आणि खाली दोनदा रेघ मारली. मग चहा घेतला.

*

आणि हे त्याच दिवशीचं.

साहेबांनी फाईलमधनं कागद काढले. प्लेअर बाजारात येईपर्यंत पाहिलेलं बाहेर कुणाला सांगणार नाही, असं लिहून द्यायचं होतं. बापू प्लेअर पायरीवरच ठेवून हात पुसत आत आले. सगळ्यांनी ओळीनं सह्या केल्या. हवालदार सवयीप्रमाणं बसलेच नव्हते, दाराशी उभे. त्यांनीही तिथंच भिंतीला कागद लावून सही केली.

साहेबांनी कागद मोजले. "तुम्ही पाच. तुमच्याशिवाय आणखी कुणी बघितलाय प्लेअर?"

स्नेहल फरशीकडं बघत होती. बापूंना एकदम खोकला आला.

हवालदारांनी खिशातनं छोटी डायरी काढली. "लिहून ठेवलंय साहेब. तालमीतली अकरा, वस्ताद धरून. धुण्याच्या बायका दोन. चहावाली एक. बापूंच्या मिसेस. मल्लाप्पांचा भाऊ निपाणीचा, त्यो मुद्दाम आलता. गोठ्यावर दूध न्यायला आलेली चार. आम्ही पाच धरून एकूण पंचवीस."

साहेबांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. "पंचवीस. बरं. सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. पंचवीस म्हणजे पंचवीसच ना?"

हवालदारांनी दारातनं बाहेर बघितलं आणि पेन्सिल जिभेला लावली.

"सव्वीस करा. तुमचा ड्रायव्हर. मघापासनं पायरीवर बसून ऐकालाय."

साहेब उठून दाराशी गेले. पन्नाशीचा गडी, मूळचा राधानगरीचा, दोन्ही कानांत इयरफोन, डोळे मिटलेले. साहेबांची चाहूल लागली तशी त्यानं डोळे उघडले, आणि कानात गाणं चालू असलेला माणूस ज्या आवाजात बोलतो त्या आवाजात ओरडला, "साहेब! लई भारी हाय की वो आपला नवा प्लेअर! बाजारात कवा आणताय?"

गल्लीतली दारं एकेक करून उघडायला लागली.

हवालदारांनी डायरीचं पान उलटलं.