नळीवरच्या चिंध्या

मी मुळातच तापट. नव्वदच्या दशकात मुरबाडच्या एका कारखान्यात मी इलेक्ट्रिशियन होतो. रोज शहापूरहून एसटीने यायचो. माझ्या टेस्टरपेक्षा माझ्या जिभेला लोक जास्त घाबरायचे.

तिथे बाटल्यांची प्लॅस्टिकची झाकणं बनायची. शेवटच्या टेबलावर पाड्यावरच्या सहा बाया बसायच्या. हवेच्या नळीने झाकणांवरचा भुगा उडवायच्या आणि झाकणं पिशवीत भरायच्या. ती हवा कोपऱ्यातल्या कॉम्प्रेसरची. तो सकाळी सुरू झाला की सुट्टीपर्यंत एकदाही थांबायचा नाही.

एक दिवस मॅनेजरने बोलावलं. "नवीन मशीन येतंय. मंजूर विजेत ते बसत नाही, आणि लोड वाढवून मिळत नाही. कॉम्प्रेसर असाच वीज खात राहिला तर शेवटचं टेबल बंद करावं लागेल."

म्हणजे सहा जणी घरी. गेटवर शब्द टाकून त्यांना कामाला मीच लावलं होतं. दीड तास डोंगर उतरून यायच्या. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "साहेब, एक महिना द्या. वीज कमी करून दाखवतो. नाही जमलं तर त्यांच्याबरोबर मीही जातो."

मग मी लागलो कामाला, पण उलट्या बाजूने. भिंतीवर ओळीने सहा खिळे ठोकून लांबलचक बोर्ड टांगला, 'वीज वाचवा'. सगळ्यांना गोळा करून भाषण ठोकलं. सहा जणींतली सगळ्यात थोरली, तिला सगळे मावशी म्हणायचे, ती शांतपणे म्हणाली, "भाऊ, आमच्या पाड्यावं वीजच नाय. आमी काय वाचवू?" बाया फिदीफिदी हसल्या. मला मिरच्या झोंबल्या.

तो राग मी चिंध्यांवर काढला. हवेच्या नळ्यांना या बायांनी ठिकठिकाणी चिंध्या बांधल्या होत्या. लाल, हिरव्या, जुन्या लुगड्यांच्या. "कामाची जागा आहे की नवसाचं झाड?" म्हणून ओरडलो आणि एकूण एक चिंधी स्वतः सोडून कचऱ्यात टाकली.

आमच्याकडे कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी. त्या शुक्रवारी मी एकटा आलो, सगळी मशीनं बंद ठेवली आणि फक्त कॉम्प्रेसर चालू केला. बापरे! हवा सगळीकडून सुस्कारत होती. कुठून ते मात्र कळेना, पत्र्याखाली आवाज घुमत होता. दिवसभर शिडी चढलो-उतरलो आणि जेमतेम दोन फटी सापडल्या.

शनिवारी बघतो तर मावशी परत चिंधी बांधतेय! मी कडाडलो, "पुन्हा?"

"हवा मानेवं येते, भाऊ. मान आखडते," ती म्हणाली.

मी शिडीला टेकलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा! जिथे हवा गळत होती, तिथेच या बायांनी चिंध्या बांधल्या होत्या. सगळी गळती त्यांनी आधीच शोधून ठेवली होती आणि मी गाढवाने त्या खुणाच कचऱ्यात टाकल्या होत्या.

"मावशी, कुठे कुठे होत्या?"

"तुमीच काढल्या ना? तुमाला ठावं."

बरोबरच होतं तिचं. मी सगळ्यांसमोर हात जोडले. "चुकलो. ओरडायला नको होतं. हवा अशीच गळत राहिली तर तुमचं टेबल बंद होणार आहे. आता तुम्हीच सांगा."

मग मात्र सहाही उठल्या. कुठलाही कागद नाही. "हितं माझी मान." "हितं हिचा कान दुखायचा." "हितली हवा माझ्या डोळ्यात." त्यांची दुखणी ऐकत मी खडूने खुणा करत गेलो. पुढच्या शुक्रवारी, सुट्टी असून, सहा जणी डोंगर उतरून आल्या. त्या साबणाचा फेस लावायच्या, बुडबुडा आला की हाक मारायच्या आणि मी सांधे आवळायचो. असे तीन शुक्रवार गेले. चौथ्या आठवड्यात मॅनेजर रोज विचारत होता आणि मी रोज "होईल" म्हणत होतो. होणारच होतं. न होऊन कसं चालेल?

आणि एका दुपारी काम रंगात असताना कॉम्प्रेसर थांबला.

"लाइट गेली!" म्हणत सहाही जणी पदर सावरून उठल्या. मॅनेजर केबिनमधून धावत आला. पण डोक्यावर पंखे फिरत होते. मी कॉम्प्रेसरच्या टाकीवरच्या दाबाच्या काट्याकडे बोट दाखवलं. टाकी भरली होती, म्हणून तो आपोआप थांबला होता. "लाइट नाही गेली गं, हवा पुरली!" मी ओरडलो.

मॅनेजर घड्याळ लावून तिथेच उभा राहिला. कॉम्प्रेसर सुरू झाला, परत थांबला, परत सुरू झाला. शेवटी तो म्हणाला, "टेबल राहू दे."

मावशीने भिंतीकडे बघितलं. "भाऊ, मग तो बोर्ड काढा. भाकरी खाली ठेवली की मुंग्या लागतात."

मी बोर्ड काढला. दुसऱ्या दिवशी आलो तेव्हा त्या खिळ्यांवर भाकरीची फडकी लटकत होती. सहाच्या सहा.