चार पेडांचं हीदर

रॉकीजमध्ये झाडं संपतात त्या उंचीवर घोट्याएवढं एक झुडूप दिसलं. हे पांढरं हीदर की गुलाबी? फुलं गळून गेलेली, फोनला रेंज नाही. पुण्याहून आलेली आई दमून शेजारच्या दगडावर टेकली आणि मी चिडून झुडपाभोवती फेऱ्या घालत राहिले. गुलाबीची पानं सुईसारखी सुटी, पांढऱ्याची काडीला चार रांगांत चिकटलेली, हे पाठ होतं. पण वाकून बघायला धीर कुठला?

शेवटी आईनेच डहाळी चाचपली. "अगं, ही तर चार पेडांची वेणी. तुझी घालायचे ना, तेव्हाही तू स्वस्थ बसायची नाहीस."

म्हणजे पांढरंच.

"कळलं ना नाव? आता तरी बस माझ्याजवळ."

मी तोवर वरच्या झुडपाकडे निघालेही होते.